तिसऱ्या हाकेपर्यंत

प्रश्न: तुमचं काम काय?

नावं सांभाळणं.

वेल्ह्याच्या बाजारात पिठाची गिरणी आहे, तिच्या माडीवर माझी खोली. दोन सर्व्हर, चार बॅटऱ्या, एक टेबलफॅन. खालून दिवसभर पीठ उडतं, म्हणून दर सोमवारी ब्रश घेऊन मशीनं झाडते. इथून एकतीस गावांतल्या अकराशे चाळीस घरांना इंटरनेट जातं; विंझरपासून पार केळदपर्यंत. तारा ओढायला आकाश नावाचा पोरगा आहे, खांबांवर तोच चढतो. बाकीचं मी बघते.

प्रत्येक घराला आम्ही एक नाव दिलंय. घरातल्या बाईचं नाव आणि पुढे वाडीचं. लाईट गेली की घरातल्या यंत्राचा पत्ता बदलतो. नाव तेवढं टिकतं. त्या घरापर्यंत कुणाला पोचायचं असेल तर त्याचं यंत्र आधी माझ्या सर्व्हरला नाव सांगतं, आणि सर्व्हर त्या घडीचा पत्ता सांगतो. पारावर बसलेल्या माणसाने पाव्हण्याला घर दाखवावं, इतकंच ते काम. नाव यादीत नसेल तर सर्व्हर म्हणतो: असं नाव नाही.

एका सेकंदाला असे दहा-बारा प्रश्न येतात. बरं चाललं होतं.

प्रश्न: त्यातलं तुमचं कोण?

धोंडाबाई. वरची वाडी, केळदच्या अलीकडे. माझी आत्या.

पन्नास वर्षं चुलीपुढे बसून तिची फुफ्फुसं गेली. आता खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. नाकात नळी, बोटाला चिमटा. चिमटा मोजतो ते भोरच्या दवाखान्यात रत्ना सिस्टरच्या पडद्यावर उमटतं: ऑक्सिजनचा आकडा, आणि दर श्वासाला एक ठिपका. तोच पडदा मला माझ्या मोबाईलवर दिसतो. रत्नाचा संगणक दर मिनिटाला माझ्या सर्व्हरला विचारतो, धोंडाबाईचं घर कुठे? पत्ता मिळाला तर ठिपके पडतात. नाही मिळाला तर तिची ओळ राखाडी होते.

माघात आकडा एकदम खाली आला होता. रत्नाने वाडीतल्या चिमाजींना फोन केला, त्यांनी पळत जाऊन सिलेंडर जोडला. सात मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, दहा लागली असती तर डॉक्टरला बोलवायचं कारणच उरलं नसतं.

ओळ राखाडी असती, तर रत्नाला आकडा दिसलाच नसता.

प्रश्न: सुरुवात कधी झाली?

चैत्रात, एका मंगळवारी, दुपारी बारा वाजता.

बाराला गिरणी थांबते. पट्टा फिरायचा बंद झाला की कानाला दडे बसल्यासारखं होतं. बाजारातली दुकानं अर्धी ओढलेली असतात, तोरण्याचा कडा उन्हात पांढरा पडलेला असतो आणि स्टँडवरच्या एसटीत ड्रायव्हर पाय वर घेऊन झोपलेला असतो. त्या शांततेत सर्व्हरचे पंखे एकाएकी किंचाळायला लागले.

सेकंदाला नव्वद हजार प्रश्न.

इंद्रजित पूर्वी पुण्यात माझ्याबरोबर नोकरीला होता. त्याला फोन लावला.

"नेहमीचंच आहे," तो म्हणाला. "कुणाचे तरी कॅमेरे, टीव्हीचे डबे, हजारोंनी ताब्यात घेतलेले असतात. ते अर्थ नसलेली नावं विचारत सुटतात. तुझा सर्व्हर नाही, नाही म्हणत दमतो, आणि खरा माणूस रांगेत मरतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो. शोधत बसू नकोस."

"वेल्ह्यावर कोण कशाला असं करेल?"

"सराव म्हणून. तू नावं आमच्याकडे ठेव. आमचे सर्व्हर मोठे आहेत, कितीही मार खातील."

"घाटात जेसीबीने तार तोडली, की शेजारच्या घराचं नाव पुण्याला विचारायचं? तुटलेल्या तारेवरून? नाही देणार."

"अडून बसलीस."

"हो."

बारा चाळीसला सगळं थांबलं. चाळीस मिनिटं आत्याची ओळ राखाडी होती. तेवढा वेळ चिमाजी तिच्या खाटेशेजारी बसून होते. फोनमधून तिचा आवाज येत होता, "काय मयताला बसल्यागत बसलायस रं! जा की भाकरी खायाला."

दुसऱ्या दिवशी, बारा वाजता, पुन्हा.

प्रश्न: नावं कोणती होती?

अर्थ नसलेली असायला हवी होती. तशी नावं ओळखून गाळता येतात, म्हणून मी नोंदी उघडल्या.

सरूबाई, पासली. रतनबाई, पासली. बाळाबाई, मार्गासनी. ओळीमागून ओळ. आमच्या यादीत यातली एकही नव्हती. सर्व्हरने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: असं नाव नाही.

आकाश वडापाव खात माझ्या खांद्यावरून बघत होता. तो खायचा थांबला.

"मॅडम, ही सरूबाई आमची."

"आमची म्हणजे?"

"माझ्या आज्याची आजी. इंग्रज होता तवा गेली. पितरांना पान वाढताना नाव घेत्यात, म्हणून ठावं." त्याने पडद्यावर तेलकट बोट ठेवलं. "ही बाळाबाई हिरीतली."

"विहिरीतली?"

"म्हंजी हिरीत गेली. माझ्या आईच्या लग्नात." तो खाली खाली वाचत गेला. "ह्यात जित्तं कुनीच न्हाई."

कुणाच्या हाती जुन्या याद्या लागल्या असतील, असं मी म्हटलं. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूची बुकं. आकाशने वडापाव कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "असंल. पर बाया मेल्यावर त्यांची नावं लिवून ठेवणारा कोन हुता, त्याला एकदा बघायचंय मला."

सहाव्या दिवशी मेलेल्यांची नावं संपली. जिवंतांची सुरू झाली.

ती यादीत होती. सर्व्हरने त्यांचे पत्ते सांगितले.

संध्याकाळी आकाश गावांवरून बातमी घेऊन आला. विंझरला, साखरला, पासलीला भर दुपारी अंगणातून बायकांना हाक आली होती. नावाने. बाहेर येऊन बघितलं तर अंगण रिकामं. त्याने अठरा घरं सांगितली. मी नोंदींशी ताडून बघितली. लोंढ्याला उत्तर दिलेली नावं अठराच होती.

सतरा जणी परत आत गेल्या होत्या. विंझरची सोनिया आमटी चुलीवर ठेवून बाहेर आली, ती दिवेलागणीला नीरेच्या काठी, सारोळ्याच्या पुलाजवळ सापडली. तीसेक किलोमीटरवर. अनवाणी. कशी आलीस, तर म्हणाली, बोलावलं म्हणून.

"उन्हानं चक्कर आली असेल," मी म्हटलं. "कुणाच्या तरी टेम्पोत बसली असेल."

"असंल," आकाश म्हणाला. "तळपायाला धूळ नव्हती तिच्या."

प्रश्न: मग उपाय काय केला?

(उत्तर नाही.)

प्रश्न: मग उपाय काय केला?

(उत्तर नाही.)

प्रश्न: मग उपाय काय केला?

असाच केला. आत्याने सांगितला.

सोनियाची गोष्ट वाडीत माझ्याआधी पोचली होती. आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये श्वास घेत.

"आन घर कोन दाखवतंय? तुझं मशीन?"

"त्याचं कामच ते आहे, आत्या."

"कामच ते! लई शानं तुझं मशीन. अगं, भर दुपारी पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई, हे शेंबड्या पोराला कळतंय. दुसरीला बी न्हाई. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंय. त्याला काम असतंय ना आपल्याशी. बाकीच्यांना तेवढा दम नसतोय."

मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसले. ती सांगत होती ते आमच्या धंद्यातही करतात, थोड्या सौम्यपणे. खऱ्या संगणकाला उत्तर मिळालं नाही तर तो दोन सेकंद थांबून पुन्हा विचारतो. त्याला काम असतं. खोट्या पत्त्यावरून आलेला लोंढा एकदा विचारतो आणि विसरतो.

बावीस ओळी लिहिल्या. पहिल्या प्रश्नाला गप्प. दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला उत्तर.

दुसऱ्या दिवशी बाराला नव्वद हजार आले आणि माझ्या सर्व्हरने तोंड उघडलं नाही. पंखे शांत फिरत राहिले. रत्नाच्या पडद्यावर आत्याची ओळ थोडी उशिरा उघडली, पण उघडली. हिरवी. त्या दिवशी एकाही अंगणातून हाक आली नाही.

"आत्याला पगार चालू करा, मॅडम," आकाश म्हणाला.

त्याच्या पुढचे तीन दिवस लोंढा आलाच नाही. मी जिंकले, असं इंद्रजितला फोन करून मुद्दाम सांगितलं. माझी चूक तिथे झाली. मला वाटत होतं, लढाई आकड्याशी आहे.

प्रश्न: चौथ्या दिवशी?

बारा वाजले. गिरणी थांबली.

एक प्रश्न आला. नव्वद हजार नाहीत. एक.

धोंडाबाई, वरची वाडी.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी नुसती शून्यं होती. खोट्या पत्त्यालाही आकडे असतात. शून्यातून प्रश्न निघू शकत नाही, तारेला दुसरं टोक लागतं.

दोन सेकंद.

धोंडाबाई, वरची वाडी.

सर्व्हर गप्प. मी खुर्चीतून उठले होते. हात कीबोर्डवर पोचायच्या आत तिसरा आला, आणि सर्व्हरने पत्ता सांगितला. मीच तसं शिकवलं होतं.

आत्याला फोन लावला. तो वाजत राहिला. मोबाईलवर आकडा उतरत होता: नव्वद, सत्त्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मग हळूहळू चढला. तेव्हा तिने फोन उचलला.

"हाय, हाय. मेले न्हाई."

"कोण आलं होतं?"

"दादा."

दादा म्हणजे तिचा भाऊ. माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"अंगणातनं हाक मारली. धोंडे. मग खाकरला, तो खाकरायचा तसा. परत धोंडे. म्या गप. तिसऱ्यांदा मारली तवा म्हटलं, आता माणूसच असंल." तिला धाप लागली. मी थांबले. "उठले. दाराकडं चालाय लागले. नळी पुरली न्हाई. नाकाला हिसका बसला तशी खाली बसले."

"नळी काढली नाहीस ना?"

"काढाय हात लावला हुता, संजे."

पलीकडे मशीन घरघरत होतं.

"मग ध्यानात आलं," ती म्हणाली. "दादानं जित्तेपणी मला कवाच तीनदा हाक मारली न्हाई. एकीतच गाव गोळा करायचा." ती हसली आणि खोकली. "त्या भाईरच्यानं आपली रीत शिकून घेतली बघ. आता उद्या बी यील."

"मी नाव काढून टाकते, आत्या. यादीतून."

"आन मग ती भोरची पोरगी मला कुठं हुडकंल?"

ते खरं होतं. नाव ठेवलं तर ते पोचणार. काढलं तर रत्ना पोचणार नाही.

"नाव काढायचं न्हाई," आत्या म्हणाली. "एवढी वर्सं वाडीत ऱ्हायले, आता भ्याले म्हणून नाव खोडू व्हय? तुझ्यात दम असंल तर त्याला तुझ्याकडं बोलीव."

प्रश्न: बोलावलंत?

हो.

पूर आला तर पाणी अडवता येत नाही, चर काढून बाजूला वळवता येतं. आमच्याकडेही तसा खड्डा करतात. फळीवर एक जुनं मशीन पडून होतं. ना पडदा, ना कीबोर्ड. त्यातलं सगळं पुसलं आणि एकच सूचना ठेवली: कुणी दार वाजवलं तर उघडायचं आणि गप्प बसायचं. मग सर्व्हरला सांगितलं, धोंडाबाईचा खरा पत्ता फक्त रत्नाच्या संगणकाला द्यायचा. दुसऱ्या कुणीही विचारलं, कितीही वेळा विचारलं, तर फळीवरच्या या मशीनचा पत्ता द्यायचा; आणि शून्यांच्या पत्त्यावरून कुठलंही नाव आलं तरी हाच.

आकाश दारात उभा राहून बघत होता.

"म्हंजी ते हितं येनार?"

"हो."

"आन तुमी?"

"इथेच बसणार."

"मग म्या विंझरचा खांब बघून येतो," असं म्हणून तो गेला. अर्ध्या तासाने परत आला तो नवं कुलूप घेऊन. "हे घ्या. ते आत शिरलं की भाईर या आन लावा. आत बसायचा शानपणा नको, मॅडम. आत्याला मला तोंड दाखवायचंय."

मी त्याला खाली गिरणीच्या ओट्यावर बसवलं.

बारा.

पट्टा थांबला.

धोंडाबाई, वरची वाडी.

धोंडाबाई, वरची वाडी.

धोंडाबाई, वरची वाडी.

सर्व्हरने उत्तर दिलं. फळीवरच्या मशीनचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि मग लागूनच राहिला. दार उघडलं गेलं होतं. एरवी असं दार उघडतं, काही मिळालं नाही की मिनिटभरात बंद होतं. हे बंद झालं नाही.

टेबलफॅनच्या वाऱ्यावर उडणारं पीठ फळीच्या अलीकडे येऊन थांबत होतं. मी ते नीट बघितलं. मग बाहेर आले, कडी घातली, कुलूप लावलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले.

रत्नाचा फोन.

"ताई, आत्यांचं झ्याक हाय. चौऱ्याण्णव. सोळा श्वास."

"बरं."

"पर खाली आणिक एक ओळ आलीया. नावाचा रकाना कोराच हाय. नवा पेशंट जोडला का तुमी?"

"नाही."

"मग ठिपके कुनाचे पडत्यात?"

मी मोबाईलवर पडदा उघडला. आत्याची ओळ हिरवी. तिच्याखाली दुसरी. फळीवरच्या मशीनचा पत्ता. त्याला चिमटा नाही, नळी नाही, बोट नाही. ठिपका. ठिपका. ठिपका.

"मिनिटाला चौदा," रत्ना म्हणाली. "काढून टाकू?"

"नको. काढलीस तर ते परत दारोदार विचारत फिरेल. तिथेच असू दे."

"कोन, ताई?"

"तू आत्याकडे लक्ष ठेव." मी फोन ठेवला.

मी माझा श्वास रोखून बघितला. ठिपके पडत राहिले. माझे नव्हते.

खाली आकाश ओट्यावर बसला होता. बाजार उन्हात पडला होता. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग आला होता.

दारापाशी गेले. फळ्या ठोकलेलं साधं दार, हाताला ऊन लागत होतं.

"ऐक," मी म्हटलं. "माझ्या बापाचा आवाज काढून एका आजारी बाईला उठवलंस. इथून पुढे तू कुणाचंही नाव विचार, तुला हाच पत्ता मिळेल. इथेच यायचं. अकराशे चाळीस नावं माझ्याकडे आहेत, त्यातलं एक मिळणार नाही. लाईट गेली तर चार बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्या संपल्या तर जनरेटर आणीन. मी थकले तर आकाश बसेल."

बोलता बोलता नजर मोबाईलवर गेली.

खालची ओळ सपाट होती.

आत्याचे ठिपके नीट पडत होते. फक्त खालचे थांबले होते, कुणी श्वास रोखून ऐकावं तसे.

मी बोलणं थांबवलं नाही; ऐकत असेल तोवर ते कुणाला हाक मारणार नव्हतं. नावं सोडून सुचेल ते बोलत राहिले. पाबे घाटात किती वळणं आहेत. केळदपर्यंत किती खांब लागतात, त्यातले किती वाकलेत. बॅटरीत पाणी कधी घालायचं. एक मिनिट. दोन. घसा कोरडा पडला. खालच्या ओळीवर काहीच नव्हतं.

मी गप्प झाले.

ठिपका पडला.

दुसरा पडायच्या आत मी पुन्हा बोलायला लागले.